उताराकडे तोंड करून

तिची नखं कायम हिरवी असायची. साबण झाला, लिंबू झालं, रॉकेल झालं, पण कडेला बसलेला तो रंग जागचा हलला नाही. म्हणून अर्धं शहर तिला 'हिरवी' म्हणायचं आणि उरलेल्या अर्ध्याला तिचं दुसरं काही नाव असेल असं वाटायचंच नाही. भाजीवाला तिला बघितलं की ओरडायचा, "हिरवीबाई, हात लावू नका, पिकलेले टोमॅटो पुन्हा कच्चे होतील!" मग ती मुद्दाम एकेका टोमॅटोला हात लावून बघायची आणि शेवटी कोथिंबीर घेऊन निघून जायची.

ती शहराच्या गटार खात्यात होती. नाव ऐकून नाक मुरडणारे मुरडोत. त्या खात्यावाचून त्यांचंच नाक आधी चालायचं बंद होईल. शहराच्या पोटात दोन नळ असतात. एकातून घराघरांतलं सांडपाणी शुद्ध करायच्या टाक्यांकडे जातं. दुसऱ्यातून रस्त्यावरचं आणि छपरांवरचं पावसाचं पाणी सरळ ओढ्याला मिळतं. दोघांनी एकमेकांचं तोंड बघायचं नाही, असा नियम. पण जोड माणसंच देतात, आणि माणूस म्हटला की घाई आली, आळस आला. कुणीतरी मोरीचा पाइप पावसाच्या नळात खुपसून मोकळा होतो, आणि मग साबण, तेलकट पाणी, नको नको ते सगळं बिनबोभाट ओढ्यात उतरत राहतं.

असे चुकलेले जोड शोधणं हे तिचं काम. तिच्या पिशवीत एक केशरी पूड असायची. चिमूटभर पूड पाण्यात पडली की पाणी हिरवंगार व्हायचं, उन्हात तर डोळे दिपावेत इतकं. मासोळीलाही बाधत नाही असला तो रंग. तो एखाद्याच्या मोरीत ओतायचा, वरून दोन बादल्या पाणी सोडायचं आणि पावसाचा नळ ओढ्यात जिथं उघडतो तिथं जाऊन बसायचं. हिरवं पाणी आलं, तर त्या घराचा जोड चुकलेला. नाही आलं, तर घर सुटलं.

खरं म्हणजे ही वाट बघणं हाच तिचा धंदा होता. आणि त्यात ती इतकी मुरली होती की तिला डोळे उघडे ठेवून झोपता यायचं. काठावर बसली की ती मनानं त्या पाण्याबरोबर चालायला लागे. शाळेच्या खालून जाई, तिथं वरून पोरांचे पाय धडधडत. बेकरीच्या खालून जाई, तिथं नळाची भिंत कोमट लागे. मग मोठं वळण, मग थिएटरच्या तळघराशेजारचा लांबच लांब अंधार, तिथं वरचं हसणं-रडणं सगळं एकाच आवाजाचं होऊन झिरपत येई. कधी कधी तिला वाटायचं, खालचं तेच खरं शहर आहे आणि वरचं आपण उगाच मांडून ठेवलंय. लग्न का केलं नाहीस, असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "करणारच होते हो. पण रंग ओतला होता, त्याची वाट बघत बसले, तेवढ्यात वय निघून गेलं." विचारणारा हसायचा. ती थट्टा होती की खरं होतं, ते तिलाही नक्की सांगता आलं नसतं.

घरी ती आणि बाबा, दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाबा शहरातले जुने नळजोडणीवाले. ऐन उमेदीत त्यांनी निम्म्या शहराच्या मोऱ्या जोडल्या होत्या, आणि लहानपणी सुट्टीच्या दिवशी हिरवी त्यांची हत्यारांची पिशवी धरून पाठोपाठ हिंडायची. जमिनीखालचं तिला जे काही कळत होतं ते तिथंच कळलेलं. खंदकाच्या काठावर उभं राहून बाबा तिला शिकवायचे, "उताराकडे तोंड करून उभी राहा. डाव्या हाताला मैल्याचा नळ, उजव्या हाताला पावसाचा. एवढं ध्यानात ठेवलंस की आयुष्यात चुकणार नाहीस." खातं नळ घालताना हाच नियम पाळायचं, आणि बाबा जोड देताना हाच नियम पाळायचे. "माझा जोड कधी गळला नाही," हे वाक्य तर ते इतक्यांदा म्हणत की आई चिडवायची, "जोड गळत नाही, फक्त जीभ गळते तुमची."

आता त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माणूस कळे, भिंत कळे, पायरी चुकत नसे, पण रंग सगळे एकमेकांत मिसळून गेले होते. पिकल्यावर काढू, असं डॉक्टरला न विचारता त्यांनी आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. संध्याकाळी काठी टेकत ते ओढ्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचे. याच ओढ्यात ते पोहायला शिकले होते. डोळे गेले तरी नाक शाबूत होतं. वारा फिरला की ते नाक वर करून म्हणायचे, "कुठल्या गाढवानं जोड दिलाय देव जाणे! एकदा आणा त्याला माझ्यासमोर. कान धरून पाण्यात बसवतो की नाही बघा."

त्या वर्षी ओढ्याची दशा बघवत नव्हती. पाण्यावर राखाडी फेस तरंगायचा, काठावरच्या दगडांना चिकट लेप बसला होता. वरच्या साहेबांनी सोपा उपाय काढला: ओढ्यावर स्लॅब टाकायचा. झाकलं की संपलं! पण झाकलेल्या ओढ्यात मोठा पाऊस मावला नसता, आणि सखल भागातल्या घरांत गुडघाभर पाणी शिरलं असतं. खात्यातला मुकादम तोंडाचा फटकळ, पण मनानं लोण्याचा गोळा. तो हिरवीला म्हणाला, "ताई, घाण कुठून येतेय ते शोधा. शोधलंत तर मी वर जाऊन भांडेन. नाहीतर झाकणारेत बघा हे."

तिनं फेसावरून आधी लॉण्ड्रीवाल्यावर संशय घेतला. लॉण्ड्रीवाला इतका दुखावला की तो स्वतः ओढ्याकाठी येऊन तिच्या शेजारी बसला आणि हिरवं पाणी येत नाही हे डोळ्यांनी बघूनच उठला. जाताना म्हणाला, "माझं पाणी माझ्या मनाइतकं स्वच्छ आहे." हिरवी म्हणाली, "मग शर्टावरचे डाग कुठले?" मग ती एकेक गल्ली घेत पुढं सरकली. रोज दुपारी रंग, रोज काठावर वाट, रोज त्या पाण्याबरोबर खालून हिंडणं. असे कितीतरी दिवस गेले आणि ती शिंप्यांच्या गल्लीत पोचली.

तिथल्या शिवणवाल्या काकूंनी मोरी दाखवली. हिरवीनं रंग ओतला, काकूंनी बादली उपडी केली. ती ओढ्याकाठी येऊन बसते न बसते तोच नळाच्या तोंडाशी एक पातळ हिरवी रेघ आली. मग रेघेचा पट्टा झाला, आणि बघता बघता पायऱ्यांजवळचं सगळं पाणी हिरवं झालं. एरवी असं पाणी आलं की तिला आनंद व्हायचा. त्या दिवशी मात्र ती बसल्या जागी गार पडली. शिंप्यांच्या गल्लीतले सगळे जोड बाबांचे होते. तिथल्या खंदकाच्या काठावर पिशवी धरून ती स्वतः उभी होती.

तिनं बाजूच्या घरात रंग ओतला, समोरच्या घरात ओतला. सगळी गल्ली हिरवी आली.

चूक कशी झाली असेल हे तिला झाकणं उघडून आत वाकल्यावर कळलं. नळ एका बाजूला उतरत होते आणि वरचा रस्ता दुसऱ्या बाजूला. नळ घातल्यानंतर कधीतरी गल्लीच्या सखल टोकाला भराव टाकून रस्ता उचलला होता, आणि उताराची दिशाच फिरली होती. बाबा आले तेव्हा नळ नवे, कोरडे ठणठणीत. आत वाहतं पाणी नाही. त्यांनी रस्त्याच्या उताराकडे तोंड केलं, डाव्या हाताचा नळ मैल्याचा समजून धरला आणि मन लावून पावसाच्या नळाला मोऱ्या जोडत गेले. इतकी वर्षं गल्लीची घाण ओढ्यात जात होती. छपरांचं पाणीही त्यांनी त्याच हिशेबानं मैल्याच्या नळात सोडलं होतं, त्यामुळे दर पावसाळ्यात मैल्याची झाकणं उसळून रस्त्यात तळं व्हायचं. दोन्हीला कारण एकच माणूस होता, आणि तो संध्याकाळी पायऱ्यांवर बसून त्याच माणसाला गाढव म्हणत होता.

"कुणी केली होती हो ही जोडणी?" मुकादमानं विचारलं.

"कोण जाणे. जुनं काम आहे," हिरवी म्हणाली.

मुकादमानं तिच्याकडे बघितलं. तोही कधीकाळी बाबांच्या हाताखाली शिकला होता. "जुनं काम आहे," तो स्वतःशीच म्हणाला आणि मजुरांना खोदायला सांगायला गेला.

तिनं ठरवून टाकलं होतं, बाबांना सांगायचं नाही. जोड बदलेल, ओढा सुधारेल, आणि म्हाताऱ्या माणसाजवळ उरलेली एकुलती एक बढाई शाबूत राहील. यात कुणाचं काय जातंय? त्या रात्री जेवताना बाबा त्या गाढवाला पुन्हा बोलले, तेव्हा तिनंही 'गाढवच' म्हणून होला हो केलं. 

खोदकाम तिनं दुसऱ्या दिवशी दुपारी ठेवलं, बाबांच्या झोपेच्या वेळेला. पण कुठं खोदतायत म्हटल्यावर बघायला न जाणारा म्हातारा अजून जन्माला यायचाय. घणाचा आवाज त्यांना झोपेत ऐकू गेला असणार. काठी टेकत ते गल्लीच्या तोंडाशी हजर झाले. "काय निघालंय?" म्हणाले, आणि कुणी नको म्हणायच्या आत मजुराच्या खांद्याला धरून खंदकात उतरलेसुद्धा. डोळ्यांचा उपयोग नव्हता, म्हणून ते पाइपवरून हात फिरवत गेले. भाजक्या मातीचा पाइप, मग जोड. त्यांची बोटं जोडाच्या सिमेंटवरून गोल फिरली आणि थांबली. सिमेंट ओलं असताना ते कडेनं अंगठ्यानं उतार द्यायचे. तशी सवय दुसऱ्या कुणाला नव्हती.

"हा जोड माझा आहे," ते खुशीत म्हणाले. "बघा, अजून थेंब गळत नाही. काढताय कशाला?"

 मजुरानं उगाच फावडं पुसलं.

"कोणता नळ हा?" त्यांचा आवाज बदलला होता. "अगं, तुला विचारतोय मी. कोणता नळ हा?"

"पावसाचा, बाबा."

 ते खंदकातच वळले, नळाचा उतार तळहातानं चाचपला, पुन्हा वळले. ओठ हलत होते. "भराव," शेवटी ते म्हणाले. "भराव टाकला होता इथं. मी भरावाच्या उताराकडे तोंड केलं." मुकादमाकडे वळून त्यांनी हात पुढे केला, "छिन्नी दे." तो जोड त्यांनी स्वतः फोडला. अंगठ्याच्या त्या उतारावर घातलेला पहिला घाव चुकला नाही. वर आल्यावर अंगावरची माती झटकत ते म्हणाले, "ज्याला रोज शिव्या घालत होतो, तो भेटला एकदाचा."

मग हिरवीला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"झाले थोडे दिवस."

"आणि काल रात्री माझ्याबरोबर त्याला गाढव म्हणालीस."

"तुम्हाला लागेल म्हणून नाही सांगितलं, बाबा."

"लागणारच होतं. मग?" ते म्हणाले. "पोरी, चूक माझी होती, मी खाल्ली असती. लहान मुलाच्या ताटातली मिरची काढून घेतात तशी काढून घेतलीस तू." आणि ते काठी टेकत एकटेच घरी गेले.

त्यानंतर घरात फार शांतता झाली. ते भांडत नव्हते, रुसले नव्हते, जेवत होते, औषध घेत होते. फक्त तिनं काही सांगितलं की क्षणभर थांबायचे. बाहेर ऊन आहे म्हणाली, तर हात खिडकीबाहेर काढून बघायचे. दूध उतू गेलं नाही म्हणाली, तर वास घ्यायचे. आयुष्यभर तिच्या शब्दावर डोळे मिटून चालणारा माणूस आता दर वाक्यापाशी चाचपडत होता. डोळे गेले तेव्हा त्यांनी तिचे डोळे वापरायला घेतले होते. आता तेही त्यांना पुरेसे वाटत नव्हते.

एका सकाळी ते कपडे करून तयार होऊन बसले. "भरावाच्या आणखी तीन गल्ल्या आहेत," ते म्हणाले. "तिथलेही जोड माझेच, उतार कुठं कुठं फिरलाय ते बघायला हवं. तुझी पूड घे."

पहिल्या गल्लीत त्यांनी दार वाजवलं आणि घरवालीला सरळ सांगितलं, "ताई, तुमची मोरी मी जोडली होती. चुकली असेल, बघायला आलोय." आईपुढंसुद्धा कधी चूक कबूल न करणारा माणूस! बादली त्यांनी स्वतः ओतली. मग दोघं ओढ्याकाठी येऊन बसली. ओढा आता जरा सुधारला होता, स्लॅबचा बेत मुकादमानं भांडून मागं ढकलला होता. पाणी दगडांवरून हळूहळू जात होतं. बाबांनी तोंड नळाकडे केलं होतं, पण त्यांना तिथं एक करडा गोळा दिसत असणार, बाकी काही नाही.

"आलं?"

"नाही, बाबा. स्वच्छ आहे."

"खरं?"

"खरं."

"हं," बाबा म्हणाले.

दुसऱ्या गल्लीत तसंच झालं. पाणी साधंच आलं, तिनं तसं सांगितलं, त्यांनी तसंच "हं" केलं. त्या "हं" मध्ये काय आहे ते तिला नीट कळत होतं. ती चिडून म्हणाली, "मुकादमाला बोलावू का? त्याच्या डोळ्यांनी बघा."

"कशाला? तुझ्या गुपितात सामील होता तोच ना?"

तिला रडू आलं. नळातून येणारं पाणी ओंजळीत घेऊन तिनं त्यांच्या तोंडाजवळ नेलं. त्यांनी वास घेतला, पाणी बोटांनी चोळलं. पण हिरव्या रंगाला वास नसतो, आणि बोटांना तो कळत नाही.

तिसरी गल्ली न्हाव्याच्या दुकानाची. न्हाव्यानं तोंडाला फेस लावलेल्या गिऱ्हाइकाला तसंच बसवलं आणि बेसिनखालची मोरी दाखवली. रंग ओतून दोघं काठावर आली. ढगाळ, सुस्त दुपार होती. हिरवी नेहमीसारखी पाण्याबरोबर आत चालायला लागली, पण या वेळी ती एकटी नव्हती. ऐन उमेदीतले बाबा हातात कंदील घेऊन तिच्यापुढं चालत होते, प्रत्येक जोडापाशी थांबून अंगठा टेकवत होते, आणि दर वेळी मागं वळून विचारत होते, बरोबर आहे ना? ती मान हलवत होती. किती वेळ गेला कुणास ठाऊक. एक खंड्या पायरीवर येऊन बसला आणि उडून गेला.

मग नळाच्या तोंडाशी काहीतरी हललं. इतकं फिकट, की पाल्याची सावली म्हणून सोडून देता आलं असतं. ती पुढं वाकली. ती सावली नव्हती.

"आलं?" बाबांनी विचारलं.

त्यांच्या मानेवरची शीर उडताना तिला दिसली. दोन्ही हात काठीवर घट्ट दाबलेले होते. नाही म्हटलं तर ते ऐकतील, हं म्हणतील आणि घरी जाऊन झोपतील. मुकादम मागाहून गुपचूप येऊन जोड बदलून जाईल. त्यांना ते कधी कळायचंसुद्धा नाही.  ओढ्यातला हिरवा पट्टा रुंद होत पायऱ्यांपर्यंत आला.

"आलं, बाबा," ती म्हणाली. "हिरवंगार आलंय. हीपण गल्ली चुकलीय."

 तिला वाटलं, आता ते मोडून पडणार, आपण पुन्हा चुकलो. तिनं भीतभीतच त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरत होता. काठीवरची बोटं सैल पडली. कितीतरी दिवसांनी ते हसले, तेही तोंडभर.

"म्हणजे पहिल्या दोन खरंच स्वच्छ आहेत," ते म्हणाले, आणि उठण्यासाठी तिच्याकडे हात केला.